भिजवलेली हलगी

मी एक जुनी हलगी आहे आणि मला राग आला आहे. मित्रांनो, हलगीला कसला राग, असे म्हणू नका. आधी ऐका.

लोखंडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून अप्पांनी मला इंदापुरात घडवले. कातडे ओलावा पिते आणि सैल पडते, म्हणून वाजवण्याआधी मला जाळावर शेकावे लागते. उष्णतेने मी ताठ होते, मग माझा आवाज कडाडतो. अप्पा मला शेकून टिचकी मारत, कान लावत आणि मगच उठत.

आमच्याकडे दर कामगारदिनी कष्टकऱ्यांची मिरवणूक निघते. ऊसतोडणीवाले कोयते घेऊन येतात, उजनीच्या पाण्यावरचे मच्छीमार खांद्यावर जाळी टाकून. सगळ्यांच्या पुढे मी. लोक म्हणत, अप्पांची हलगी ऐकली की पाय आपोआप उचलतात.

अप्पा गेले आणि मी खुंटीवर धूळ खात राहिले. त्यांच्या मुलीने, सारजाने, मला खाली काढले. दिवसभर डाळिंबाच्या बागेत राबून ती संध्याकाळी सराव करी. मिरवणुकीचे प्रमुख हिंदुराव नाक मुरडत होते. बाईने हलगी वाजवलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. शेवटी म्हणाले, यंदा बघू. जमले नाही तर पुढच्या साली बँडवाला सांगू.

मिरवणुकीच्या सकाळी सारजाने मला मन लावून शेकले. पहिल्याच ठोक्याला माणसे वळून बघू लागली.

तेवढ्यात मिरवणुकीच्या समितीने बोलावलेला फोटोग्राफर पुढे आला. त्याने काही विचारले नाही. सारजा वाजवत असतानाच त्याने माझ्या कातड्यावर पाण्याची बाटली रिकामी केली. काठीचा ठोका पडला, थेंब उसळले, कॅमेरा खटखटला. फोटो झकास आला म्हणून त्याने अंगठा दाखवला आणि तो पुढच्या कोयत्याकडे गेला.

मी गार पडले. सारजाने पुन्हा जाळ करायला थोडा वेळ मागितला. हिंदुरावांनी हात झटकला आणि मिरवणूक हलवली. तिने जीव तोडून ठोके मारले, पण माझ्यातून ओल्या पोत्यासारखा आवाज निघाला. मागची माणसे हसली.

हिंदुराव सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हनून सांगत हुतो, ह्ये बायामानसाचं काम न्हाय."

सारजा थांबून हिंदुरावांना म्हणाली, "तात्या, हलगी भिजवली कुणी, ते इचारा की."

कुणी विचारले नाही. चौकात एकाची न शेकता वाजणारी फायबरची हलगी पुढे आली. सारजा मला पदराखाली धरून सगळ्यात मागे चालली.

तो फोटो आता समितीच्या हॉलमध्ये मोठा करून लावला आहे. खाली लिहिले आहे, ‘कष्टाचा आवाज’. सारजा बघायला गेली. फोटोत मी आहे, थेंब आहेत, काठी धरलेली मूठ आहे.

"ह्यात मी कुठं हाय?" तिने विचारले.

एकजण म्हणाला, तो हात तुझाच की.

"त्या हाताला तोंडबी हाय," ती म्हणाली आणि निघून आली. वर्ष सरले, आणि यंदाच्या मिरवणुकीला बँडवाला ठरला आहे.

मित्रांनो, तुमच्याही हातात मोबाइल असतो. कुणाच्या कामाचा फोटो जरूर काढा, पण त्याच्या वस्तूला हात लावण्याआधी त्याला विचारा. पटत नसेल तर हॉलमधला तो फोटो नीट बघा. त्यात मी जोरात वाजते आहे असे सगळ्यांना वाटते. त्याच क्षणी माझा आवाज गेला होता.