पहिल्या दिवसाचं रक्त

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. पण माझ्या पोटात मटार किंवा आइस्क्रीम शोधू नका. लीड्समधल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मी चौदा वर्षं उभा होतो, उणे ऐंशी अंशांवर. सुरुवातीला माझं भारी कौतुक. जो तो माझं दार उघडून बघायचा आणि हात चोळत परत जायचा.

२००५ साली पुण्याहून आलेल्या डॉक्टर कस्तुरीने माझा वरचा कप्पा घेतला. न्यूमोनिया झालेल्या माणसांच्या रक्तातला पिवळसर पाण्यासारखा भाग ती पेराएवढ्या नळ्यांत भरून ठेवायची. प्रत्येकाच्या चार नळ्या : हॉस्पिटलात आला त्या दिवशीची, मग तीन आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. जंतूंशी लढायला शरीर जी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, बनवतं, ती किती वाढतात आणि किती टिकतात, हे तिला पाहायचं होतं. चारही नळ्या एकाच दिवशी, एकाच ताटलीत तपासल्या तरच तुलना खरी. तोवर राखण माझी. मी तर स्वतःला त्या प्रतिपिंडांचा बापच समजत होतो.

पुढे कौतुक सरलं. दाराच्या रबरावर बर्फ साचला, तो कुणी खरवडेना. थंडी कमी झाली की वाजणारा माझा भोंगा उठसूट वाजतो म्हणून कुणीतरी तो बंदच करून टाकला. फार वाईट वाटलं.

२००७च्या फेब्रुवारीतला शुक्रवार. सतीशकाका, स्वतः निवृत्त डॉक्टर आणि न्यूमोनियातून मरता मरता वाचलेले, वर्षानंतरचं रक्त देऊन गाडीत जाऊन बसले होते. कस्तुरी त्यांची नळी माझ्यात ठेवत होती, तोच काकांच्या पत्नी श्यामलाकाकू डबा घेऊन दारात उभ्या.

"काकू, आत आणू नका हं. लॅबमध्ये फूड अलाउड नाही."

"मग तूच बाहेर ये. पोहे गार होतायत. आणि हे खाली डबल यलोवर, नो पार्किंगच्या पट्ट्यांवर, गाडी लावून बसलेत."

मोठ्यांना ताटकळत ठेवायचं नाही, हे कस्तुरीच्या हाडीमाशी खिळलेलं. तिने कोपराने दार ढकललं आणि पळाली. बर्फामुळे बोटभर फट राहिली. शनिवार-रविवार कुणी फिरकलं नाही. मी जिवाच्या आकांताने घरघरत राहिलो, पण हरलो.

सोमवारी सगळ्या नळ्यांचं पाणी झालं होतं. कस्तुरी जमिनीवरच बसली. मग तिने फोन करून काकांना बोलावून घेतलं.

"काका, चूक माझी आहे. शुक्रवारचं रक्त परत काढता येईल, पण आजाराच्या पहिल्या दिवसाचं कुठून आणू? दोन वर्षांचं काम गेलं."

"अगं, मी मेलो नाही, तर माझ्या अँटिबॉडीज कशाला मरतील? आधी टेस्ट तर कर."

काही नळ्या तिने पूर्वीच तपासल्या होत्या. त्याच पुन्हा तपासल्या. आकडे जवळजवळ तेच आले. मग तिने काकांच्या चार नळ्यांचे थेंब ताटलीतल्या चार खळग्यांत टाकले आणि वर रंग आणणारं रसायन घातलं. प्रतिपिंडे जितकी जास्त, तितका रंग गडद.

मित्रांनो, ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. पहिला खळगा जेमतेम पिवळट. दुसरा हळदीसारखा. तिसरा थोडा उतरलेला, चौथा आणखी. पण पहिल्याइतका फिका मात्र नाही.

"हे सगळं माझ्यात चाललं होतं?" काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "आणि मी टीव्ही बघत बसलो होतो."

"कमी झालंय, काका. पण पहिल्या दिवसावर परत गेलं नाहीये."

मी थक्क झालो. ज्यांना मी माझी लेकरं समजत होतो, ती माझ्याविना दोन दिवस तग धरून राहिली होती. काकांनी मात्र निघताना, परत न्यायच्या शुक्रवारच्या डब्यातला चमचा काढला आणि माझ्या रबरावरचा बर्फ स्वतः खरवडला.

आता मी मागच्या अंगणात भंगारवाल्याची वाट बघतोय. एवढंच सांगतो. त्या खेपेला प्रतिपिंडांनी आम्हाला सांभाळून घेतलं. दर वेळी कुणी घेईलच असं नाही. बाहेर कितीही मोठं माणूस वाट बघत असो, निघताना दार नीट लागलंय का ते एकदा बघा. आत कुणाचा तरी पहिला दिवस असतो.