दुसरं कोणीतरी वापरत आहे

लॅपटॉप दुरुस्त करणारा माणूस तीन जिने चढून आला तेव्हा त्याला आधी पाणी लागलं, मग खुर्ची, मग पंखा. हे सगळं मिळाल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बिघाड माझ्यातच आहे.

"काय त्रास आहे, ताई?"

"अपडेट होत नाहीये," मी म्हटलं. "आणि ते झाल्याशिवाय प्रकाशकाच्या फायली उघडत नाहीत. आठवडाभर नुसती हातावर हात ठेवून बसलेय."

मी पुस्तकांच्या सूची करते. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी, ती. कोणी वाचत नाही, पण चुकली की बरोबर सगळ्यांच्या डोळ्यांत येते. तीस वर्षं हेच काम करून माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग मुक्कामाला आला आहे, असं धाकटी म्हणायची. धाकटी म्हणजे माझी बहीण. लग्नाच्या भानगडीत न पडता आम्ही दोघी याच दोन खोल्यांत राहिलो आणि एकच लॅपटॉप वापरला. सकाळी माझ्या सूची, दुपारनंतर तिच्या शिकवण्यांच्या प्रश्नपत्रिका. पडद्यावर दोन गोल होते, एकाखाली 'ताई' आणि दुसऱ्याखाली 'धाकटी'. तिची वेळ झाली की ती मला खुर्चीवरून उठवायची आणि आपला गोल दाबायची.

मग वयाच्या चौपन्नाव्या वर्षी बाईसाहेब गुडघ्याला लावायचं मलम आणायला औषधाच्या दुकानात गेल्या आणि काही महिन्यांनी नवरा घेऊन आल्या. दुकानदार विधुर, सज्जन, दातसुद्धा स्वतःचे. त्याच्यात खोट काढायला मी भरपूर मेहनत घेतली. दुकान विकून ते दोघं दुसऱ्या शहरात, त्याच्या मुलीजवळ राहायला निघाले. त्या दिवशी शब्दाने शब्द वाढत गेला आणि मी म्हणाले, "या वयात लाज गुंडाळून ठेवलीस." ती बॅग उचलून गेली. पहिले काही रविवार तिचा फोन वाजायचा. मी उचलला नाही. मग तो वाजेनासा झाला. याला आठ महिने झाले.

दुरुस्तीवाल्याची बराच वेळ खुडबुड चालली होती. "डाउनलोड तर कधीच झालंय," तो म्हणाला. "जागा आहे, इंटरनेट आहे. एकदा रीस्टार्ट केलं की काम झालं. तुम्ही करत का नाही?"

"तुम्हीच करून बघा."

त्याने बटण दाबलं आणि मला तोंडपाठ असलेली चौकट समोर आली. त्याने ती मोठ्याने वाचली. "हा संगणक अजून दुसरं कोणीतरी वापरत आहे. आता बंद केल्यास त्या व्यक्तीचं सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं." मग त्याने मान वळवून खोलीभर पाहिलं. माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"बहिणीचं खातं आहे," मी म्हटलं. "ती आता इथे नसते."

"आत चालूच राहिलंय. कधीपासून?"

"आठ महिने."

"आठ महिन्यांत हा एकदाही बंद केला नाहीत?"

नव्हता केला. काम झालं की झाकण मिटायचं आणि वायर लावून ठेवायची. एकदा भर दुपारी वीज गेली आणि बॅटरीचा आकडा उतरायला लागला, तेव्हा लॅपटॉप काखोटीला मारून मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, कारण त्याच्याकडे जनरेटर होता. तिथे दोन तास स्टुलावर बसले. लोक झेरॉक्स काढून जात होते आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, दवाखान्यात तान्हं मूल घेऊन बसावं तशी.

हे मी दुरुस्तीवाल्याला सांगितलं नाही. त्याने ऐकून घेतलं असतं आणि खाली जाऊन हसला असता. पण खरं ते खरं. धाकटीचं आत काहीतरी अर्धवट राहिलं होतं. जिला उसवलेल्या बाहीचा एक टाकाही उद्यावर टाकता येत नाही, ती अर्धवट कामासाठी आज ना उद्या येईलच, असं मी धरून चालले होते. येईल, मला खुर्चीवरून उठवील, आपला गोल दाबील. मला तिच्याशिवाय करमत नाही. करमत नाही हा शब्दही कमीच आहे.

"दोन मार्ग आहेत," दुरुस्तीवाला म्हणाला. "एक तर मी जबरदस्तीने बंद करतो. त्यांचं जे काही असेल ते जाईल. नाहीतर फोन करून त्यांचा पासवर्ड विचारा, आत जाऊन सेव्ह करू."

"फोन नाही करायचा."

"मग करतो बंद." त्याने बोट पुढे नेलं.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की तो खुर्चीसकट मागे सरकला.

मी धाकटीला फोन लावला. दोनदा वाजला.

"ताई?"

"लॅपटॉप अपडेट करायचाय," मी म्हटलं. आठ महिन्यांनंतरचं माझं पहिलं वाक्य हे. "तुझं खातं आत चालू राहिलंय. तुझं काम जाईल म्हणून विचारते."

"माझं कसलं काम?"

"सेव्ह न केलेलं."

"काही नाहीये गं. निघायच्या आदल्या दिवशीच सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं होतं मी. खात्यातून बाहेर पडायचं राहिलं असेल, एवढंच."

"पण इथे स्पष्ट लिहिलंय."

"ते सगळ्यांनाच येतं, ताई," दुरुस्तीवाला मध्येच म्हणाला. "आत काही असो नाहीतर नसो."

मला बसावंसं वाटलं, पण खुर्चीत तो होता. आठ महिने मी जिवापाड राखलं ते काहीच नव्हतं. ती तर आपलं सगळं आवरून गेली होती.

"तू तेव्हापासून बंदच केला नाहीस?" धाकटीने विचारलं.

"विसरले."

मी विसरणाऱ्यातली नाही हे तिला चांगलं माहीत आहे. "बंद करून टाक," ती हळूच म्हणाली.

मी मान डोलावली आणि दुरुस्तीवाल्याने बटण दाबलं. पडदा काळा झाला, मग त्यावर आकडे यायला लागले. खरं तर आता 'ठेवते' म्हणायला हवं होतं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिनेही ठेवला नाही.

"किती झालं?"

"चार टक्के."

"बरं." थोड्या वेळाने, "आता?"

"अकरा."

"कोणी आलंय का दुरुस्तीला?"

"आलेत. आपल्या जिन्यांनी अर्धे झालेत बिचारे."

ती हसली. एकोणतीस झाले, एकेचाळीस झाले. मी विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे. औषधवालाच घरात आहे म्हटल्यावर."

मी हसू दाबायला गेले, पण उशीर झाला. सत्तावन्नवर आकडा जरा थांबला. "त्या दिवशी मी जे बोलले," मी म्हटलं, "ते बोलायला नको होतं."

आकडा पुन्हा सरकायला लागला.

"बासष्ट," मी म्हटलं.

"ऐकतेय मी," ती म्हणाली.

त्यानंतर मेल्या आकड्यांना काय घाई झाली कोण जाणे. सत्तर, पंच्याऐंशी, आणि बघता बघता पडदा लख्ख उजळला. दोन्ही गोल जागच्या जागी होते. दुरुस्तीवाल्याने अंगठा वर करून दाखवला आणि उठून पिशवी आवरायला घेतली.

"झालं का, ताई?"

झालं म्हटलं की ती 'बरं' म्हणणार, मी 'ठेवते' म्हणणार, आणि मग या दोन खोल्या आणि मी.

"नव्याण्णववर अडकलंय," मी म्हटलं.

दुरुस्तीवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने दाराशी जाऊन चपला घालायला लागला.

"अडकतं कधी कधी," धाकटी म्हणाली. "तास तास जातो."

"जातो का?"

"जातो. बसून राहावं लागतं."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मीही बसले.