भिंतीतलं दार

“दाराला कडी घालू नकोस. तहानलेल्या माणसाला वळसा पडता कामा नये.”

सासूबाई शेवटी हे सांगून गेल्या. मी हो म्हटलं होतं.

आमच्या परसाचं दार थेट गावच्या फुटबॉल क्लबच्या मैदानात उघडतं, गोलपोस्टच्या मागे. पूर्वी तिथे वीटभट्टीचा खड्डा होता. पोरांनी माती वाहून तो बुजवला, पाणी आमच्या विहिरीचं प्यायली. पुढे भिंत घालताना जागा कमी पडली, तेव्हा सासूबाईंनी परसाची पट्टी देऊन टाकली. अट एकच, भिंतीत दार हवं. नंतर बसायला पायऱ्या झाल्या, वर पत्रे आले, दिवे आले. मध्यंतराला खेळाडू अजून चिखलाच्या पायांनी पाणी प्यायला येतात.

यंदा क्लब वरच्या गटात गेला आणि स्पर्धेचे तपासनीस मैदान बघायला आले. दार पाहताच म्हणाले, “इथून सामन्यात कोणीही आत घुसेल. हे बुजवा. नाहीतर घरचे सामने परगावी.”

धाकटे दीर क्लबचे सचिव. त्यांचा चेहराच उतरला. “वहिनी, आई वरून रागावेल, पण हे तर खाली उभे राहून रागावतायत!”

मी तपासनिसांना पाणी दिलं. त्यांनी आणखी एक पेला मागून घेतला.

“बाकीची दारंही सामन्यात उघडीच असतात ना?” मी हळूच विचारलं.

“तिथे माणूस असतो, बाई. खेळाकडे पाठ करून उभा, शेवटच्या शिट्टीपर्यंत जागचा हलत नाही.”

“आणि इथे असला तर?”

त्यांनी दार एकदा लोटून पाहिलं. “चालेल. पण एक सामना जरी चुकला, तरी दार बंद.”

दीर हसले. “खेळाकडे पाठ करून उभा राहणारा माणूस या गावात जन्मायचाय अजून!”

“मी राहीन.”

“तुम्ही? तुमच्या पोथीची वेळ ती.”

“पोथी तोंडपाठ आहे.”

“आणि गोल झाला तर?”

“कोणाचा झाला ते ओरडण्यावरून कळतं मला. इतकी वर्षं भिंतीपलीकडूनच ऐकतेय.”

तपासनिसांनी हसू दाबत पेला खाली ठेवला.

रविवारी देवापुढे दिवा लावला. पाण्याचं पिंप भरून झाकलं. दिरांनी दिलेलं, दारावरच्या माणसाचं पिवळं जाकीट अंगात घातलं. ते गुडघ्यापर्यंत आलं. पलीकडे लोक जमू लागले होते. पोथीची पहिली ओळ पुटपुटत मी परसातून दाराकडे निघाले.