दुसरा बार

आमच्या कोडगूत मुलगा झाला की बंदुकीचा एक बार उडवतात, माणूस गेलं की दोन. मला मुलगा झाला, म्हणून मी अंगणात दुनळीचा एक बार उडवला. दुसरं काडतूस काढायला बंदूक मधून उघडायला हवी, पण ती मेली तेलाविना आखडलेली. शिव्या घालत गुडघ्यावर दाबली, तर दुसरा बारही आभाळात गेला.

माझे आजोबा कुट्टप्पा तापाने पडलेत, हे गावाला ठाऊक होतं. कुंपणावरून त्यांच्याशी उभा दावा मांडलेला शेजारी पूणच्चा पांढऱ्या कपड्यांत रडत आला.

"कुट्टप्पासारखा देवमाणूस पुन्हा होणे नाही," म्हणाला.

आजोबा खिडकीतून ऐकत होते. मी बंदुकीसाठी तेलाची बाटली काढली, तशी ते माझ्यावर खेकसले, "ठेव ती. अजून पुष्कळांचं ऐकायचं राहिलंय."