आधी बिरोबा

माझे सासरे जोतीराम आबा म्हणजे वरकुट्यातले नावाजलेले ओवीकार. मेंढरं विकून आम्ही ऊस लावला, पण आबांच्या धनगरी ओव्या काही सुटल्या नाहीत. त्र्याण्णव साली दिवाळीनंतर त्यांच्या अंगावरून वारं गेलं. बारामतीच्या डॉक्टरांनी हातपाय चालते केले, वाचा मात्र गेली. तोंडातून नुसतं "ब्या, ब्या" निघायचं.

येणारा प्रत्येक पाहुणा, आबा बहिरे झाल्यासारखा, त्यांच्या कानात ओरडायचा. मला तर एकेकाचं बखोट धरून बाहेर काढावंसं वाटे. शेवटी आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि अन्नही सोडलं. हा माणूस आता जगत नाही, हे आम्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं.

एका सकाळी पळसदेवचा दत्तोबा ढोल घेऊन आला. हा आबांचा झीलकरी. आबांनी ओळ म्हणायची आणि यानं ती मागून ओढायची, यातच त्याचा उभा जन्म गेला होता.

"आजाऱ्याच्या घरात ढोल?" शेजारीण म्हणाली.

"वाजवा भावजी," माझ्या सासूबाई, गोजरबाई, म्हणाल्या. "तसंबी घर मुकंच झालंय."

दत्तोबानं ओवी धरली. आमच्यात आधी बिरोबाचं नाव घेतात, मग बाकीचे देव. यानं पहिला खंडोबाच गाठला! आबा ताडकन वळले. डोळे वटारून, त्याच चालीत, खणखणीत आवाजात त्यांनी त्याला टोकलं, "आधी बिरोबा गाऽ, आधी बिरोबाऽ, मंग खंडोबा जेजुरीचाऽ!"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. दत्तोबाचे हात थांबले, तसे आबांचे शब्दही अडकले.

"थांबू नगा!" सासूबाई ओरडल्या.

ढोल पुन्हा घुमला. आबांनी बिरोबाची अख्खी ओवी म्हटली आणि त्याच चालीत भाकरी मागितली. ते खात होते नि आम्ही रडत होतो. पुढं डॉक्टरही म्हणाले, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं उरतं, त्यांच्याकडून रोज गाऊन घ्या. गाता गाता आबा हळूहळू बोलूही लागले.

त्या दिवशी दत्तोबा निघाला तेव्हा सासूबाई दारात आडव्या आल्या. "भावजी, मुद्दाम चुकलात न्हवं?"

दत्तोबा ओशाळला. "न्हाय वैनी. जल्मभर त्यांच्या मागनं म्हनलं. पयला देव कोन, ते कधी ध्यानात ठेवलंच न्हाय."

सासूबाई रडता रडता हसल्या. "देव तुमाला असंच इसरभोळं ठेवू दे," म्हणाल्या, आणि थोरली भावजय असूनही त्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.