मास्टर ओफोसूच्या डब्यातली वाकडी सुई

मित्रांनो, मी एक जुनी वाकडी सुई आहे आणि खरं सांगायचं तर पुरती वैतागले आहे. कुमासी शहरात गाड्यांची आसनं शिवणाऱ्या मास्टर ओफोसूच्या दुकानात, खिळ्यांच्या डब्यात मी राहते. सुईची जागा खिळ्यांत नसते, हे त्याला कुणी सांगावं?

पोलादाच्या तारेतून माझा जन्म झाला. मला लाल होईपर्यंत तापवलं, चंद्रकोरीसारखं वाकवलं आणि तेलात बुडवून कडक केलं. गादी लाकडावर ठोकलेली असली की सरळ सुई पलीकडून ओढून काढता येत नाही. मी मात्र ज्या बाजूने आत शिरते, त्याच बाजूने वर येते. माझं टोक गोल आहे. त्यामुळे मी कापडाचे धागे बाजूला सारून वाट काढते, त्यांना तोडत नाही. ओफोसूच्या वडिलांना हे माहीत होतं. ते खुर्च्या शिवत. काम झालं की मला पुसून फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचून ठेवत आणि गिऱ्हाइकांना सांगत, की हे माझं अकरावं बोट.

ते वारले आणि दुकानापुढे ट्रोट्रोंची, म्हणजे भाड्याच्या व्हॅनची, रांग लागली. त्यांची आसनं रेक्झिनची नाहीतर नायलॉनची. त्यासाठी ओफोसूने तीन धारांच्या टोकाची जाड सुई आणली, काळा नायलॉनचा दोरा आणला. कापलेल्या कडेचे धागे सुटू लागले की तो कडेवरून मेणबत्तीची ज्योत फिरवतो. नायलॉन वितळतं, घट्ट होतं आणि धागे जागच्या जागी बसतात. त्या कामात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण तीच सुई, तोच दोरा आणि तीच मेणबत्ती प्रत्येक कापडाला, ही त्याची खोड.

एका सकाळी दुफी नावाची बाई आरामखुर्ची आणि कापडाची घडी घेऊन आली. तिचे वडील, नाना आज्येई, जन्मभर मागावर अरुंद सुती पट्टे विणत आले होते. असे पट्टे काठाला काठ शिवून मोठं कापड होतं. आता नानांची दृष्टी गेली होती. हे त्यांच्या मागावरून उतरलेलं शेवटचं कापड. ते त्यांच्या खुर्चीवर चढवायचं होतं, म्हणजे बसल्या बसल्या त्यांना हाताने चाचपता आलं असतं. कापड बेताचंच आहे, जपून करा, असं ती तीनदा म्हणाली. ओफोसू तीनदा हो म्हणाला.

मग त्याने केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उंडे, आणि तळलेली मासळी खाल्ली, हात पँटला पुसले आणि कापड कापलं. शिवणीसाठी दोन बोटं माया सोडायला हवी, याने सोडलं अर्धं बोट. त्यात ती तीन धारांची सुई. प्रत्येक टाक्याला धागे तुटत गेले, पट्ट्यांची टोकं सुटायला लागली. मी डब्यातून बघत होते. त्याने सवयीने मेणबत्ती पेटवली.

सूत वितळत नाही, जळतं. त्याने तळहाताने विझवेपर्यंत एका पट्ट्याचं टोक तीन बोटं काळं झालं होतं. तो भाग झाकायला त्याने रेक्झिनची पट्टी आणि गोंद हातात घेतला, तेवढ्यात दुफी वडिलांचा हात धरून दारात आली. काम कुठवर आलं, ते नानांना हाताने बघायचं होतं.

नाना उंबऱ्यावरच थांबले. "कागद जळल्यासारखा वास येतोय. सूत जाळलंत की काय, मास्टर?"

"नाही नाना. बाहेर कुणीतरी कचरा पेटवलाय."

"कचऱ्याला माझ्या कापडाचा वास कसा येईल रे?"

ओफोसूने गोंद खाली ठेवला आणि झालं ते सांगितलं. दुफी फोमच्या ढिगावर बसली. मग म्हणाली, "आता दुसरं कुठून आणू? सांगा ना, कुठल्या मागावरून?"

नानांनी पट्टा बोटांनी मापला.

"तीन बोटं गेलीत. पट्टा गेलेला नाही. रडायला वेळ आहे, आधी उसवा हा."

ते बोलत गेले आणि ओफोसू मान खाली घालून ऐकत गेला. काठ विणीतलेच असतात, ते सुटत नाहीत; सुटतात ती फक्त कापलेली टोकं. त्या टोकांवर गुंडाळत टाके घालायचे आणि माया कमी पडली तिथे साधं सुती कापड जोडून ते गादीखाली ओढून घ्यायचं. जळलेलं टोक कापून ती बाजू खुर्चीच्या पाठीमागे न्यायची. नायलॉनचा दोरा इथे नको. तो कापडाहून बळकट असतो, ताण आला की दोरा टिकतो आणि कापड फाटतं. मग त्यांनी ओफोसूची सुई चाचपली.

"ही कातड्याची. हिने माझे धागे तोडतोयस तू." त्यांनी डब्यात हात घातला आणि मला वर काढलं. "गोल टोक. हिला खिळ्यांत कुणी टाकलं? घे. सुती दोरा मेणबत्तीवर घास आणि ओव. घास म्हणालो. पेटवू नकोस."

दोन दिवस आम्ही शिवलं. तिसऱ्या दिवशी नाना खुर्चीत बसले आणि एकेक पट्टा बोटांनी तपासू लागले. मागच्या बाजूला त्यांचा अंगठा थांबला.

"शिवण हाताला लागते," ते म्हणाले.

"पुन्हा उसवू का, नाना?"

"नको. लागू दे. तू ती लपवली नाहीस, म्हणून लागते." आणि ते मागे टेकून बसले.

आता नवं कापड आलं की ओफोसू कडेचा एक धागा ओढून बाहेर जाळून बघतो. वितळून गोळी झाली तर मेणबत्ती, राख झाली तर मी. एवढं तो शिकला. पण काम झालं की मला मात्र घामट हातांनी तशीच फोममध्ये खुपसून चहाला जातो. मित्रांनो, घामाने मी गंजते आणि गंजलेली सुई चांगल्या कापडालाही ओरखडते. कोरड्या फडक्याने एकदा पुसायचं, एवढंच काम आहे. तुमच्या घरी सुई असेल तर आजच पुसून ठेवा. तिला बोलता येत नाही, आणि मला सांगून सांगून कंटाळा आला आहे.