देवघरातून उशाशी

मी घंटी. पितळेची, वीतभर उंचीची, दांड्यावर पंख मिटलेला गरुड. कुणी हलवल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी जन्माची शिस्त. आज ती मोडते आहे, पण जरा हळूच बोलते. तुम्हीही जवळ येऊन ऐका.

कोल्हापुरातल्या एका ओताऱ्याने मला घडवलं. साचा फोडून त्याने मला बाहेर काढलं, घासलं आणि कानाशी धरून वाजवलं. "लांब बोलतीय," एवढंच म्हणाला. आक्काबाईंनी मला घेतलं ते त्या लांब आवाजासाठीच. पुढे त्यांचा रणजित फौजेत गेला, त्याचं लग्न झालं. सून पहिल्यांदा परमुलखात निघाली तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "घरात देव हायत, हे शेजाऱ्यास्नी कळू दे," म्हणाल्या.

सुनेचं नाव हर्षाली. बदली झाली की ती मला टॉवेलात गुंडाळून काळ्या लोखंडी पेटीत ठेवायची. अशी तीन गावं झाली. चौथं जयपूर. छावणीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. सकाळी पूजा उरकून ती जवळच्या शाळेत लहान मुलांना शिकवायला जायची. रणजित हवालदार, पी.टी.चा उस्ताद. त्याच्या गळ्यात शिट्टी असे. ती वाजली की तीस जवान एका दमात उभे राहत. मला तिचा हेवा वाटायचा. मी कितीही वाजले तरी देव काही जागचे उठत नसत.

मागच्या दिवाळीनंतर जयपुरातल्याच सोडाला भागात एका टेम्पोने त्याच्या मोटारसायकलला मागून उडवलं. कमरेचं हाड मोडलं, मणक्याला मार बसला. अडीच महिने इस्पितळात काढून तो घरी आला, तेव्हा चौघांनी उचलून त्याला पलंगावर ठेवलं. पायांत जीव होता, जोर नव्हता.

पहिल्याच दिवशी त्याने चार हाका मारल्या. कुकरच्या शिट्टीत एकही स्वयंपाकघरापर्यंत पोचली नाही. हर्षालीला ते कळलं तशी ती तडक देवघराकडे आली, मला उचललं आणि त्याच्या उशाशी ठेवलं. "काही लागलं तर ही वाजवा."

आक्काबाई लेकाला बघायला आल्या होत्या. मला तिथे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, देवाची घंटी, आनि लघवीच्या भांड्याशेजारी?"

हर्षालीने पायानेच भांडं पलंगाखाली सरकवलं. दोन रात्रींची झोप तिच्या डोळ्यांत साचलेली होती. आक्काबाईंनी ती पाहिली. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "देवाला बिनघंटीचं बी ऐकू येतंय." दोन आठवड्यांनी गुडघे धरले म्हणून त्या गावी परतल्या. मी मात्र उशाशीच राहिले.

देवघरात मी दिवसातून दोनदा वाजायचे. इथे किती वेळा ते मोजणंच सोडून दिलं. पाणी, भांडं, कूस बदलणं, पंखा कमी, पंखा जास्त, नाकावर माशी. दर वेळी हर्षाली यायची. कणकेचे हात घेऊन यायची, तोंडातला घास गिळत यायची. सुरुवातीला तिची पावलं धावत येत. मग चालत येऊ लागली. पुढे पुढे तर मला भिंतीवरून सरकणारा तिचा हात आधी ऐकू येई आणि मागून पावलं.

"पप्पा, मम्मी मतलब आमच्या स्कूलमधली प्यून झालीय," त्यांची बारा वर्षांची लेक मैत्रेयी एकदा म्हणाली. "घंटी बजली की भागते."

रणजित मोठ्याने हसला. हर्षालीही हसली, भांडं उचलता उचलता.

व्यायाम शिकवायला भगवानजी यायचे. जयपूरचेच, पन्नाशीचे, तोंडात कायम बडीशेप. एप्रिलमध्ये त्यांनी रणजितला वॉकर धरून उभं केलं, दहा पावलं चालवलं. नंतरही ते आले की तो चालायचा, गेले की पडून राहायचा. एकदा जाताना दारात थांबून ते हर्षालीला म्हणाले, "भाभीजी, बुरा मत मानना. उस्तादजी के पैर तो लौट रहे हैं, पर उनका काम आप कर रही हो. घंटी बजे तो मत जाया करो."

"और गिर गए तो?"

"वॉकर पलंग से लगाकर रखो. बाकी उन पर छोड़ो."

तिने मान डोलावली. पण मी वाजले की तिचे पाय आपोआप निघायचे. तिला ते जमलं नाही.

अपघातापासून हर्षाली रजेवर होती. जूनच्या सुरुवातीला शाळेतून फोन आला. उन्हाळ्याची सुट्टी संपली की एक जुलैला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या बाईंना देऊ. तिने ते रणजितला सांगितलं. "आठ ते दोन तुम्ही एकटे असाल. निदान बाथरूमपर्यंत आपलं आपण जाता यायला हवं. नाहीतर मला शाळा सोडावी लागेल."

"मग सोड की. मी काय हौसेनं पडलोय व्हय?"

ती वाद घालणारी नव्हती. हातातल्या चादरीची घडी तिने मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

त्यानंतर आठवड्याभराने ती दुपार आली. बाहेर लूचे भाजणारे वारे वाहत होते, खोलीत कूलर घरघरत होता. मैत्रेयी मैत्रिणीकडे गेली होती. रणजितला तहान लागली. त्याने मला वाजवलं. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवलं. मग इतक्या जोरात, की गरुडाची चोच त्याच्या तळव्यात रुतली.

"हर्षालीऽ! कान फुटले काय गं?"

कूलरच तेवढा बोलत होता. एकदम त्याचा चेहरा बदलला. "अस्सं. भगवानजींची शिकवण व्हय ही? थांब. आता तुझ्या कानाशीच येऊन वाजवतो."

अपघातानंतर एवढा राग मी त्याच्यात पाहिला नव्हता. त्याने एकेक करून पाय पलंगाखाली सोडले, वॉकर ओढला. वॉकरला हर्षालीने जुन्या वर्दीची पिशवी शिवून बांधली होती; तिच्यात मला टाकलं आणि उठला. पावलागणिक मी किणकिणत होते. उंबऱ्याशी त्याचा डावा पाय अडकला. तो झुकला. मला वाटलं, गेलो आम्ही दोघं. दात खाऊन सावरला, पुढे निघाला.

हर्षाली स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पिठाच्या डब्याला पाठ टेकलेली, मांडीवर अर्ध्या मोडलेल्या गवारीच्या शेंगा, एक शेंग अजून बोटांत. मान खांद्यावर पडलेली, तोंड किंचित उघडं. तिने भगवानजींचं ऐकून काही केलं नव्हतं. तिला फक्त झोप लागली होती.

रणजितने मला पिशवीतून काढलं. त्याचा हात वर गेला. मी आवाजाला तयार झाले. आणि त्याची दोन बोटं माझ्या आत शिरली. त्यांनी माझा लोलक घट्ट धरला.

देवासमोर असो की माणसासमोर, माझी जीभ अशी कुणी धरली नव्हती. मी त्याच्या हातात हलत होते, पण आवाज नाही. बराच वेळ तो तिच्या टाचांकडे बघत राहिला. त्या भेगाळल्या होत्या.

मग त्याने मला ओट्यावर आडवं ठेवलं, अगदी अलगद. गॅसवरची डाळ लागू लागली होती, ती बंद केली. माठातून पाणी घेऊन प्याला. परत फिरायचं तर वॉकरची खडखड झाली असती, म्हणून ओट्याला टेकून तसाच उभा राहिला. भगवानजींनी त्याला पाच मिनिटांच्या वर कधी उभं केलं नव्हतं. त्या दुपारी तो किती वेळ उभा होता, हे मलाच ठाऊक.

हर्षाली दचकून उठली. "अगं बाई! तुम्ही इथं? अहो, वाजवायची नाही का?"

"वाजवली की. तुला झोप लागली होती."

"किती वेळ?"

"थोडाच." मग जरा थांबून म्हणाला, "पाणी घेतलं मी."

 हर्षाली शेंगा गोळा करू लागली. एक शेंग तिने तीनदा उचलली.

एक तारखेला ती शाळेत गेली. रणजित वॉकरवर आहे, डावा पाय ओढतो. तो कधी सरळ पडेल का, हे विचारलं की भगवानजी बडीशेपेची डबी पुढे करतात. काही दिवस वाईट जातात, त्या दिवशी दोघंही एकमेकांशी कमी बोलतात. हर्षाली अजून दमलेलीच असते. महिन्यांचा शीण एका दुपारच्या झोपेने कसा जाईल?

मी पुन्हा देवघरात आले आहे. पूजा आता रणजित करतो, खुर्चीवर बसून. रोज मला वाजवतो. रविवारी मात्र आरतीला माझा लोलक बोटांत धरतो आणि मला नुसतीच हलवतो. देवांनी आजवर तक्रार केलेली नाही.

तुमच्या घरीही हाकेसरशी येणारं कुणीतरी असेल. एखाद्या दिवशी हाक ओठांवर धरून ठेवा. चालता येत असेल तर उठून बघून या, ते माणूस कुठे बसलं आहे. येत नसेल तर ते आल्यावर त्याला घडीभर बसायला सांगा. एवढंच माझं मागणं.

पुरे करते आता. आज रविवार आहे, आणि हर्षाली अजून उठायची आहे.